मन आणि मनगट

गेल्या वर्षी दिवाळीच्या महिनाभर आधी माझ्या पुतण्याच्या मनगटावर एक काळा पट्टा आला, आणि आमच्या घरात पूर्वी कधी झाले नव्हते असे एक भांडण झाले. भांडण मोठे नव्हते. आमच्याकडे मोठी भांडणे करण्याची पद्धत नाही. दोन-तीन दिवस अबोला, चहाचा कप पुढे ठेवून काही न बोलता आत निघून जाणे, एवढ्यावर आम्ही भागवतो. पण त्या भांडणाने माझ्यापुढे जो प्रश्न टाकला तो अजून पुरता सुटलेला नाही. फराळाचे ताट समोर असताना वाचकांपुढे असा प्रश्न ठेवावा की नाही, याचा मी थोडा विचार केला. मग वाटले, घरातली सगळी माणसे एकत्र असतात ती याच चार दिवसांत, आणि हा प्रश्नही घरातच सोडवायचा आहे.

नंदू माझ्या धाकट्या भावाचा मुलगा. वय वर्षे २२. तो बोलत नाही. तीन वर्षांचा असताना डॉक्टरांनी स्वमग्नता असे निदान केले. तेव्हा हा शब्द आम्हाला नवा होता, आता घरचा झाला आहे. ऐकू त्याला उत्तम येते. इतके उत्तम, की खालच्या मजल्यावर कुणी कुकर लावला तर शिट्टीच्या आधीची वाफेची सुरसुर ऐकूनच तो कानांवर हात ठेवतो. सांगितलेले त्याला कळते. त्याचे आपल्याला कळत नाही, एवढीच अडचण आहे.

माझ्या भावजयीने, शैलाने, इतक्या वर्षांत त्याचा एक शब्दकोश मनाशी तयार केला आहे. उजव्या हाताची बोटे डोळ्यांसमोर नाचवली की स्वारी खुशीत. शर्टाची कॉलर चावली की भूक. दाराशी जाऊन चपलांच्या जोड्या लावायला लागला की बाहेर जायचे. पण या कोशात कितीतरी जागा कोऱ्या आहेत. चार वर्षांपूर्वी तो सलग तीन रात्री भिंतीवर डोके आपटत होता. आम्ही दृष्ट काढली, पंखा बदलला, शेजाऱ्यांना टीव्ही हळू लावायची विनंती केली. चौथ्या दिवशी कानातून पू आला तेव्हा कळले, की कान दुखत होता. शैला स्वयंपाकघरात जमिनीवर बसून रडली. ''ताई, मी आई असून मला कळलं नाही हो,'' असे ती पुन्हा पुन्हा म्हणत होती. मी तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिले. मलाही ते कळले नव्हते.

नंदूची थोरली बहीण मृदुला अमेरिकेत नोकरी करते. गेल्या वर्षी येताना तिने भावासाठी तो पट्टा आणला. दिसायला घड्याळासारखा, फक्त तबकडी नाही. ''आत्या, आता नंदूच्या मनातलं आपल्याला फोनवर दिसेल,'' ती म्हणाली. मी आयुष्यभर शाळेत संस्कृत शिकवले. अशी वाक्ये ऐकली की माझी मान आपोआप थोडी वाकडी होते. पण पट्ट्याचे काम तिने समजावून सांगितले ते मला पटले.

भीती वाटली, आनंद झाला, माणूस दचकला, की आपल्या इच्छेला न विचारता चालणारी मज्जासंस्था कामाला लागते. हृदय भराभर चालते आणि कातडीतल्या घर्मग्रंथी किंचित ओल सोडतात. ही ओल इतकी थोडी असते की आपल्याला जाणवतही नाही. पण ओलसर कातडीतून वीज अधिक सहज वाहते. पट्ट्याच्या आतल्या बाजूला धातूच्या दोन टिकल्या असतात. त्यांच्यामधून अगदी क्षीण विद्युत्प्रवाह सोडायचा आणि तो किती सहज गेला ते मोजत राहायचे, हे त्याचे मुख्य काम. शिवाय नाडी, कातडीची उष्णता, हाताची हालचाल. या सगळ्याची एक रेघ फोनवर उमटते. चित्त खळबळले की वर चढते, निवले की खाली येते.

ही कल्पनाही आजची नव्हे. मन हलले की कातडीची वीज बदलते, हे चार्ल्स फेरे या फ्रेंच वैद्याने १८८८ सालीच दाखवले होते. प्रयोगशाळेतले ते अवजड यंत्र मनगटावर यायला मात्र शंभरावर वर्षे लागली. मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी या संस्थेतल्या रोझालिंड पिकार्ड या प्राध्यापिकेने १९९७ साली 'अफेक्टिव्ह कंप्यूटिंग' नावाचे पुस्तक लिहिले. यंत्रांना माणसाच्या भावनांची दखल घेता यावी, हा त्याचा विषय. पुढे त्यांच्या प्रयोगशाळेत असे पट्टे तयार झाले. त्यांच्या एका विद्यार्थ्याचा धाकटा भाऊ नंदूसारखाच, न बोलणारा. नाताळच्या सुट्टीत घरी जाताना त्या मुलाने भावासाठी पट्टे मागून नेले आणि त्याच्या दोन्ही मनगटांवर बांधले. सुट्टीतल्या नोंदी पाहताना पिकार्डबाईंना एका मनगटाची रेघ एके ठिकाणी एकदम आभाळाला भिडलेली दिसली, दुसऱ्या मनगटाची मात्र सपाट. त्यांना वाटले पट्टा बिघडला. चौकशी केली तेव्हा कळले, की त्यानंतर थोड्याच वेळाने त्या मुलाला फेफरे आले होते. त्या एका नोंदीतून पुढे बरेच संशोधन झाले, आणि २०१८ साली अमेरिकेच्या औषध-प्रशासनाने अपस्माराचा झटका ओळखून घरच्यांना इशारा देणाऱ्या अशा एका पट्ट्याला मान्यता दिली.

ही हकिगत ऐकल्यावर माझी वाकडी मान सरळ झाली. ज्या घरात कानातून पू येईपर्यंत कान दुखतो हे कळत नाही, त्या घराने अशा वस्तूला नाक मुरडणे हा शुद्ध कृतघ्नपणा ठरला असता.

पट्ट्याने पहिल्याच आठवड्यात आपली किंमत वसूल करून दिली. चहा आणि गरम आमटी पुढे आली की रेघ चढते, हे मृदुलेच्या लक्षात आले. नंदूचा चेहरा जसाच्या तसा. जेवण तो नेहमीसारखे संपवीत होता. दाताच्या डॉक्टरांना दाखवले तेव्हा डावीकडची एक दाढ आतून पोखरलेली निघाली. कानाच्या वेळी आम्हाला भिंतीवर डोके आपटण्यापर्यंत वाट पाहावी लागली होती. दाढेच्या वेळी ती पाळी आली नाही.

दुसरी गोष्ट त्याहून मनाला लागणारी. घरी पाहुणे आले की नंदू आपल्या कोपऱ्यात भिंतीला टेकून बसतो आणि हालत नाही. ''किती शांत मुलगा आहे हो तुमचा!'' असे येणारा प्रत्येक जण म्हणतो, आणि आम्हीही आजवर ते कौतुकाने ऐकत आलो. पट्ट्याने दाखवले, की दिवसातली त्याची सर्वांत उंच रेघ नेमकी त्या वेळची. आम्ही ज्याला शहाणपणा म्हणत होतो, त्या वेळी त्याच्या आत काहीतरी उकळत होते. त्यानंतर पाहुणे आले की आम्ही त्याला आतल्या खोलीत जायची मुभा देतो, आणि तो बहुतेक वेळा जातो.

इथपर्यंत सगळे चांगले होते. मग आली पाच वाजताची रेघ.

मी दोन गल्ल्या पलीकडे राहते. निवृत्त झाल्यापासून रोज संध्याकाळी पाचला भावाकडे जाते आणि नंदूबरोबर वाती वळते. कापूस हाताला लागलेला त्याला आवडतो. मी फुलवाती करते, तो लांब वाती वळतो. काही दोऱ्यासारख्या बारीक, काही करंगळीएवढ्या जाड. आम्ही दोघे तासभर काही बोलत नाही. माझ्या दिवसातला तो सर्वांत सुखाचा तास. आणि त्याचाही तसाच असेल, असे मी सात वर्षे गृहीत धरले होते.

एके दिवशी जेवताना मृदुला फोन बघत म्हणाली, ''गंमत बघा, रोज पाचला नंदूची रेघ चढते. सव्वापाचला अगदी वर.'' क्षणभर कुणी बोलले नाही. मग सुधीर, माझा भाऊ, हसून म्हणाला, ''ताईची शिस्त अजून कायम आहे म्हणायची!'' सगळे हसले, मीही हसले. घरी आले, दिवा न लावता खुर्चीत बसले आणि सात वर्षांचा हिशेब मांडत राहिले. हा मुलगा मला सहन करत होता काय? पाहुण्यांसमोर जसा गप्प बसतो, तसाच माझ्यासमोरही बसत होता काय?

दुसऱ्या दिवसापासून मी चार दिवस गेले नाही. सर्दीचे निमित्त सांगितले.

रिकाम्या हाताला काहीतरी हवे म्हणून मी जुने नाट्यशास्त्र काढले. भरताने आठ सात्त्विक भाव सांगितले आहेत: स्तंभ, स्वेद, रोमांच, स्वरभेद, वेपथू, वैवर्ण्य, अश्रू आणि प्रलय. हे भाव मनाच्या एकाग्रतेतून शरीरावर उमटतात. यातला दुसरा, स्वेद, म्हणजे घाम. मृदुलेचा पट्टा मोजतो तो हाच. सातव्या अध्यायात भरताने स्वेदाची कारणे दिली आहेत, आणि ती वाचताना मला हसू आले: क्रोध, भय, हर्ष, लज्जा, दुःख, श्रम, रोग, ऊन, व्यायाम. अश्रूंच्या कारणांत शोकाबरोबर आनंद आहे, आणि डोळ्यांत गेलेला धूरही आहे. म्हणजे जुन्या नाटकवाल्यांना पक्के ठाऊक होते, की नुसत्या घामावरून रस ओळखता येत नाही. भोवतीचा प्रसंग कोणता, समोर कोण आहे, आधी काय घडले, हे कळल्यावाचून तो घाम भीतीचा की प्रीतीचा हे ठरत नाही.

आधुनिक मानसशास्त्राचीही साक्ष काढता येते. १९६२ साली शॅक्टर आणि सिंगर या दोन अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी काही विद्यार्थ्यांना जीवनसत्त्वाचे म्हणून इंजेक्शन दिले. खरे तर ते छाती धडधडायला लावणारे ॲड्रेनॅलिन होते. मग काहींच्या शेजारी एक खिदळणारा सोबती बसवला, काहींच्या शेजारी एक चिडलेला. ज्यांना धडधडीचे खरे कारण ठाऊक नव्हते, ते शेजारच्याच्या मनःस्थितीकडे झुकले. या प्रयोगाच्या तपशिलांवर पुढे पुष्कळ वाद झाले, पण शरीराची एकच खळबळ दोन वेगळ्या भावनांच्या नावाने ओळखली जाऊ शकते, हे त्यातले मर्म आजही विचारात घ्यावे असे आहे. पट्टा 'केव्हा' ते सांगतो, 'किती' ते सांगतो. 'काय' ते सांगत नाही.

पाचव्या दिवशी शैलाचा फोन आला. ''ताई, बरं वाटतंय ना? नंदूची रेघ या चार दिवसांतही पाचला चढते आहे. आणि तुम्ही येता तेव्हा सहापर्यंत उतरते, तशी आता उतरत नाही. सात-साडेसात होतात.''

माझे डोळे भरून आले. तो माझी वाट पाहत होता! मी लगेच पायांत चपला घातल्या. पण जिना उतरताना आयुष्यभर मुलांचे पेपर तपासणारी मास्तरीण माझ्या आत जागी झाली आणि तिने विचारले: हा अर्थ तू कशावरून काढलास? ती रेघ वाट पाहण्याची असेल. 'आज तरी ती येऊ नये' अशी धास्तीही असेल. किंवा रोजची घडी विस्कटली एवढ्याचाच त्रास असेल. काल त्याच रेघेत तुला तिरस्कार दिसला होता, आज प्रेम दिसले. मग तू वाचतेस ते नंदूचे मन की तुझे?

या प्रश्नामागे एक खरा इतिहास आहे, आणि तो फार दुःखाचा आहे. ऑस्ट्रेलियात सुरू झालेली एक पद्धत १९९०च्या सुमारास अमेरिकेत पसरली. न बोलणाऱ्या मुलाचा हात शिक्षकाने किंवा घरच्या कुणी आधार देऊन धरायचा, म्हणजे तो अक्षरफलकावर बोट ठेवून आपले मनोगत लिहितो, असा तिचा दावा होता. पाहता पाहता वर्षानुवर्षे मुकी असलेली मुले कविता लिहू लागली, आईबापांना 'माझे तुमच्यावर प्रेम आहे' असे सांगू लागली. ज्यांनी हे वाक्य वीस-वीस वर्षे ऐकले नव्हते त्या आयांना काय वाटले असेल! मग कुणीतरी साधी परीक्षा घेतली. मुलाला एक चित्र दाखवले आणि हात धरणाऱ्याला दुसरे. फलकावर जो शब्द उमटला तो हात धरणाऱ्याने पाहिलेल्या चित्राचा. अशा चाचण्या पुन्हा पुन्हा झाल्या आणि १९९४ साली अमेरिकन मानसशास्त्र संघटनेने या पद्धतीला शास्त्रीय आधार नाही असे जाहीर केले. त्याआधी काही घरे उद्ध्वस्त होऊन चुकली होती. मुलांच्या नावाने आईबापांवर भयंकर आरोप लिहिले गेले होते. यात लबाड कुणी नव्हते. हात धरणारी माणसे प्रेमळ होती, आणि आपण हात ढकलतो आहोत याचा त्यांना पत्ताही नव्हता. प्लँचेट आपल्याकडे पुष्कळांनी लहानपणी खेळले आहे. वाटी कोण सरकवते ते कुणालाच कळत नाही. फरक इतकाच, की इथे वाटीच्या जागी एक जिवंत मूल होते.

म्हणून मला फोनवरच्या रेघेपेक्षा ती पाहणाऱ्या माझ्या डोळ्यांची अधिक भीती वाटू लागली.

त्या संध्याकाळी मी गेले, आम्ही वाती वळल्या. दोन दिवसांनी आणखी एक गोष्ट घडली. नंदूची आंघोळ चालली होती, पट्टा टेबलावर होता. मृदुलेने तो थट्टेने माझ्या मनगटावर बांधला आणि फोन समोर धरून म्हणाली, ''आता आत्याचं मन बघू! आत्या, आई-बाबांमध्ये तुला जास्त कोण आवडतं?'' रेघ चढली. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. वास्तविक त्या प्रश्नाने मला काहीच झाले नव्हते. चार माणसे माझ्या कातडीखाली डोकावताहेत, याच एका गोष्टीने माझी छाती धडधडत होती. मी दोन मिनिटांत पट्टा काढून ठेवला. मला तो काढता आला, कारण मला बक्कल उघडता येते आणि 'पुरे आता' असे म्हणता येते.

नंदूला बक्कल उघडायला आणखी आठवडा लागला. एका सकाळी पट्टा दिसेना. सगळे घर शोधले. दुपारी तांदळाच्या डब्यात सापडला, चांगला हातभर खोल. पुन्हा बांधला, दुसऱ्या दिवशी पुन्हा तांदळात. तिसऱ्या दिवशी सुधीर त्याला साखळीची कडी लावून आणायला निघाला, तेव्हा मी म्हणाले, ''सुधीर, तो बोलला. अजून कसं बोलायचं त्यानं?''

इथे ते भांडण झाले.

माझे म्हणणे असे होते. आपल्या सर्वोच्च न्यायालयाने ५ मे २०१० रोजी सेल्वी खटल्याच्या निकालात सांगितले, की आरोपीची त्याच्या इच्छेविरुद्ध नार्को, ब्रेन-मॅपिंग किंवा सत्यशोधन यंत्रावर चाचणी घेता येणार नाही. त्या सत्यशोधन यंत्रातही घामाची हीच वीज मोजतात. खुनाच्या आरोपीलादेखील मनाचे दार लावून घेण्याचा हक्क आहे, तर नंदूने असा कोणता गुन्हा केला? युरोपातल्या देशांनी २०२४ साली कृत्रिम बुद्धिमत्तेचा कायदा केला. नोकरीच्या जागी आणि शाळांतून यंत्राने माणसाच्या भावना ताडायला त्याने मनाई केली, आणि ती २ फेब्रुवारी २०२५ पासून अमलात आली. कारकुनाचे मन साहेबाने वाचायचे नाही, विद्यार्थ्याचे मास्तरांनी वाचायचे नाही. मग घरातल्या एकट्या नंदूचेच मन दिवसरात्र टेबलावर उघडे का?

सुधीरने शांतपणे ऐकून घेतले. मग म्हणाला, ''ताई, त्याच कायद्यात वैद्यकीय कारणांना सूट आहे, ते तू सांगितलं नाहीस. आणि तू गप्प बसतेस तेव्हा तो तुझा निर्णय असतो. नंदू गप्प आहे तो त्याचा निर्णय नाही. ज्याला बोलताच येत नाही, त्याच्या मौनाचा मान राखायचा म्हणजे त्याला एकटं टाकायचं. आम्ही दोघं गेल्यावर त्याची दाढ दुखली तर कोण ओळखणार? तू?''

मी ७१ वर्षांची आहे. या प्रश्नाला माझ्याजवळ उत्तर नव्हते. तीन दिवस आम्ही चहा न बोलता प्यालो.

त्या तीन दिवसांत मी मनाशी जे जुळवले ते इथे मांडते. सुधीरचे खरे आहे आणि माझेही खरे आहे. आपल्याला कुणी समजून घ्यावे हा नंदूचा हक्क, आणि आपल्याला कुणी सारखे वाचू नये हाही नंदूचाच हक्क. आपणा बोलणाऱ्यांच्या बाबतीत हे दोन हक्क भांडत नाहीत, कारण कोणता केव्हा वापरायचा ते आपण ठरवतो. नंदूच्या बाबतीत ते ठरवणे आमच्या हाती आले आहे, आणि म्हणून ते भांडतात. अशा वेळी माझ्यापुरती मी एकच कसोटी लावते: मी बघते आहे ते कुणासाठी? दाढेची रेघ आम्ही नंदूसाठी पाहिली. ती पाहून त्याला डॉक्टरांकडे नेले आणि त्याचे दुखणे थांबले. पाचची रेघ मी माझ्यासाठी पाहिली. मला जाणून घ्यायचे होते, की मी त्याला आवडते की नाही. ही माझी भूक होती, आणि ती भागवण्यासाठी मी त्याच्या मनगटात हात घातला होता.

आपण एरवी प्रेमाच्या माणसांबद्दल हे कधी विचारत नाही. मुलगा गप्प बसला की आई खोदून खोदून विचारते. नवऱ्याचा चेहरा उतरला की बायको विचारते, 'काय झालं?' आणि त्याने 'काही नाही' म्हटले की तिला राग येतो. पण 'काही नाही' म्हणायची ती मोकळीक आहे म्हणूनच संसार चालतात. कुणी आपले सगळे मन वाचू लागला तर त्याच्याबरोबर आठ दिवस राहणेही कठीण होईल, मग तो कितीही प्रेमळ असो.

आणखी एक गोष्ट. डेमियन मिल्टन हे इंग्लंडमधले समाजशास्त्रज्ञ स्वतः स्वमग्न आहेत. त्यांनी २०१२ साली एक साधा मुद्दा मांडला: स्वमग्न माणसाला इतरांचे मन कळत नाही असे सगळे म्हणतात, पण इतरांनाही स्वमग्न माणसाचे मन कळत नाही. न कळणे दुहेरी आहे, मग दोष एकाच्याच माथी का? आमच्या घरी पट्टा एकाच्याच मनगटावर होता. माझे मन नंदूला कळावे म्हणून कुणी काही आणले नव्हते.

चौथ्या दिवशी मी सुधीरपुढे तोड ठेवली आणि त्याने ती मान्य केली. पट्टा रोज सकाळी एका ताटलीत नंदूपुढे ठेवायचा. त्याने मनगट पुढे केले तर बांधायचा, ताटली सरकवली तर उचलून ठेवायचा. बक्कल त्याला उघडता येईल असेच राहील. कडी लावायची नाही. रेघ शैला आणि सुधीर बघतील, जेवणाच्या टेबलावर तिची चर्चा होणार नाही. काही दुखते आहे अशी शंका आली, ताप असला, तर तेव्हा मात्र थोडा आग्रह करायचा. लहान मूल औषध नको म्हणते तेव्हा आपण करतो तेवढाच. आणि रेघ चढली की त्याचा अर्थ लावत बसायचे नाही. उठून त्याच्याजवळ जायचे, तो काय करतो आहे ते बघायचे आणि त्यालाच विचारायचे. पट्टा म्हणजे दाराची घंटा. घंटा वाजली की दार उघडायचे असते. बाहेर कोण आहे ते घंटेच्या आवाजावरून ठरवायचे नसते.

लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी नंदूने ताटली सरकवली. आम्हाला वाटले होते, फटाक्यांच्या त्या रात्री तरी पट्टा हवा. पण ठरल्याप्रमाणे तो उचलून ठेवला. खिडक्या लावल्या, पडदे ओढले, शैलाने त्याच्या कानांवर आवाज अडवणारे जाड कर्णफूल चढवले. बाहेर माळा सुरू झाल्या. रेघ नव्हती, म्हणून आम्ही चौघे त्याच्याकडेच बघत होतो. तो आधी डुलत होता. मग त्याने माझ्या पदराचे टोक धरले आणि ते मुठीत गोळा करत राहिला. ही खूण शैलाच्या कोशात नव्हती. तिचा अर्थ मी लावला नाही, पदर मात्र सोडवून घेतला नाही. साडेदहापर्यंत आम्ही तसेच बसलो.

या गोष्टीला आता वर्ष झाले. नंदू आठवड्यातून तीन-चार दिवस मनगट पुढे करतो. कोणत्या दिवशी करतो आणि कोणत्या दिवशी नाही, याचा नियम आम्हाला सापडलेला नाही. पाचला त्याची रेघ अजून चढते की नाही, हे मी विचारत नाही, आणि शैला सांगत नाही. कधी कधी फार विचारावेसे वाटते, हे कबूल केले पाहिजे.

परवा मला जायला अर्धा तास उशीर झाला. दार उघडले तर परात मांडलेली, कापूस पिंजून ठेवलेला, आणि नंदू परातीसमोर बसलेला. शैला म्हणाली, ''त्यानंच काढला.'' मी हात धुऊन बसले. या दिवाळीला पाच घरांना पुरतील एवढ्या वाती झाल्या आहेत. निम्म्या जाड आहेत, तेल जास्त पितील. पण जळतील चांगल्या.